अठरा हंड्यांचा पहारा

हिरम क्विगली सहा वर्षं अमेरिकेचे सिनेटर होते आणि त्या सहा वर्षांत त्यांनी फक्त एकदा मत दिलं. आमच्या टॅमरॅक गावात हे कुणी हसत सांगतं, कुणी दातओठ खात सांगतं. मी ड्रुसिला होबार्ट. त्यांच्या वकिलीच्या कचेरीत मी सतरा वर्षं दाव्यांच्या आणि खरेदीखतांच्या नकला केल्या, तेव्हा मला दोन्ही करायचा हक्क आहे.

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं, आम्ही सरळ शिव्या घातल्या असत्या. त्यांना एकच रोग होता. एकदा शब्द दिला की तो पाळायचा, मग आभाळ कोसळो. वकिलीच्या पहिल्याच वर्षी लेम प्रुइट नावाचा घोडेचोर त्यांच्याकडे आला. घाबरलेला होता, म्हणून हे त्याला म्हणाले, "भिऊ नकोस, शेवटपर्यंत मी तुझ्या शेजारी आहे." लेमला दोन वर्षांची सजा झाली. दुसऱ्या दिवशी क्विगलीसाहेबांनी तुरुंगाला लागून असलेली खोली घेतली, खाट भिंतीला टेकवली आणि दोन वर्षं तिथूनच वकिली चालवली. अशिलांना यायला लाज वाटायची. शेवटी लेमच भिंतीवर बुक्क्या मारून ओरडायचा, "साहेब, पाया पडतो, घरी जा! तुमच्या घोरण्यापायी माझी सजा दुप्पट झालीय!"

पण नाव झालं. आसपासच्या चार जिल्ह्यांत पंच साक्षीपुरावा ऐकेनासे झाले. क्विगली म्हणाले ना, मग झालं तर.

माझा धाकटा भाऊ एनॉस त्यांच्याच हाताखाली कायदा शिकला. कायदा किती शिकला देव जाणे, रोग तेवढा पुरता उचलला. एकदा आईने त्याला सांगितलं, "दुधावर लक्ष ठेव रे, मी येईपर्यंत हलू नकोस." आमच्या धुराड्याने पेट घेतला. शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावले, आणि हा दुधापाशी बसून.

"अरे मेल्या, घर जळतंय!" आई किंचाळली.

"उतू नाही गेलं," तो म्हणाला.

आईने त्याला लाटण्याने बडवला. क्विगलीसाहेबांनी मात्र भर कचेरीत त्याची पाठ थोपटली. ती थाप मी त्यांना कधी माफ केली नाही.

पुढे उत्तर-दक्षिणेचं युद्ध सुरू झालं आणि एनॉस पलटणीबरोबर टेनेसीत गेला. तिथे एका ओढ्याकाठी पाणचक्की होती. पलटणीला घाईघाईने पुढे सरकायचं होतं, म्हणून स्वयंपाकाचे अठरा लोखंडी हंडे चक्कीच्या ओसरीवर ठेवले गेले, आणि सार्जंट एनॉसला म्हणाला, "कुणी सार्जंट येऊन ताबा घेईपर्यंत इथून हलायचं नाही." दुसऱ्या दिवशी चकमकीत तो सार्जंट पडला. हुकूम काय होता ते सांगायला कुणी उरलं नाही. संध्याकाळच्या हजेरीला एनॉस सापडला नाही, तेव्हा एका लेफ्टनंटाने वहीत लिहून टाकलं: पळून गेला.

पळून गेला! ज्या पोराला जळत्या घरातून हलवता येत नव्हतं, तो.

खरं काय झालं ते आम्हाला चक्कीवाल्या परमीलिया केगल बाईंच्या पत्रातून कळलं. एनॉस पाच आठवडे हंड्यांपाशी बसला होता. त्याला ताप भरला. बाईंनी घरात यायला सांगितलं, तर म्हणे घरातून हंडे दिसत नाहीत. मग त्या माउलीने अठराच्या अठरा हंडे उचलून आत त्याच्या खाटेभोवती मांडले. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "शेवटच्या दिवशी तो म्हणाला, मला झोप येतेय, पण हंड्यांकडे कोण बघेल? मी म्हटलं, तू झोप बाळा, मी बघते. मग तो झोपला." त्याला तिथेच, ओढ्याच्या कडेला पुरलं.

युद्ध संपल्यावर गावाने कोर्टासमोरच्या चौकात दगड उभारला आणि त्यावर मेलेल्या सैनिकांची नावं कोरली. हिगिन्स आणि हूपर यांच्यामध्ये एका नावाची जागा रिकामी ठेवली. पळालेल्याचं नाव कोरता येत नव्हतं, आणि आईच्या तोंडावर तिथे दुसरं नाव कोरायची कुणाची छाती नव्हती. आई दर रविवारी प्रार्थनेनंतर खडू घेऊन जायची आणि त्या जागेत 'एनॉस होबार्ट' लिहून यायची. दर सोमवारी कॉन्स्टेबल टर्ली ओलं फडकं घेऊन यायचा.

"माफ करा हं, होबार्टकाकू. कायदा आहे."

"पूस रे बाबा. पुसून झालं की भाकरी खाऊन जा."

तो पुसायचा, आईच्या हातची मक्याची भाकरी खायचा आणि जायचा. असं बारा वर्षं चाललं.

लष्कराची वही दुरुस्त करायला एकच वाट होती. काँग्रेसने, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेने, त्या एका माणसासाठी ठराव मंजूर करायचा. म्हणून क्विगलीसाहेब सिनेटर झाले तेव्हा मला वाटलं, देवाने डोळे उघडले. ते सिनेटर कसे झाले तेही सांगते, म्हणजे देवाचे डोळे किती उघडे होते ते कळेल.

आमच्याकडे सिनेटरची निवड आमदार करतात. त्या हिवाळ्यात त्रेचाळीस वेळा मतदान झालं आणि त्रेचाळीस वेळा फिसकटलं, कारण एक बाजू जिंकतेय असं दिसलं की दुसरी बाजू कोरम मोडायला पळून जायची. दारातून पळायचे, नाहीतर खिडकीतून. एकाचा घोटा मोडल्यावर खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या. क्विगलीसाहेब तिथे एका चराच्या दाव्याचा कागद दाखल करायला गेले होते. सभागृहाचा दारवान गाल धरून उभा होता. तो म्हणाला, "साहेब, दाताने जीव चाललाय. जरा दार सांभाळता? मी येईपर्यंत कुणाला बाहेर सोडू नका."

"शब्द देतो," हे म्हणाले, आणि बाहेरून कुलूप लावून बसले.

दाताच्या डॉक्टरने आधी भलताच दात उपटला, मग बरोबर तो उपटला. दारवानाने दुःख व्हिस्कीत बुडवलं आणि तो बहिणीच्या घरी दोन दिवस पडून राहिला. आत शंभर आमदार. विनवण्या झाल्या, शिव्या झाल्या. एकाने कुलपाच्या भोकातून न्यायाधीशपद देऊ केलं. वरच्या झरोक्यातून लोक आतल्यांना सफरचंदं आणि उकडलेली अंडी टाकत होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी शहाणा आत ओरडला, "अरे, यालाच सिनेटर करा! वॉशिंग्टनला जायला तरी दारातून उठेल!"

मतदान झालं. एकमताने निवड. निकाल कुलपाच्या भोकातून ऐकवला गेला. क्विगलीसाहेबांनी टोपी काढली, उभे राहून सगळ्यांचे आभार मानले आणि परत बसले. दारवान अजून आला नव्हता.

वॉशिंग्टनला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. सिनेटमध्ये जोडी लावायची पद्धत आहे. एका बाजूच्या माणसाला बाहेर जायचं असलं तर तो समोरच्या बाजूच्या एकाला गाठतो आणि म्हणतो, मी परत येईपर्यंत तुम्हीही मत देऊ नका, म्हणजे कुणाचं नुकसान नाही. डॅलरिंपल नावाचे जाडजूड सिनेटर संधिवाताने लंगडत यांच्यापाशी आले. "मी जरा जाऊन येतो. मी परत येईपर्यंत जोडी?"

"शब्द," क्विगलीसाहेब म्हणाले.

डॅलरिंपल व्हर्जिनियातल्या गंधकाच्या झऱ्यावर पाय बुडवायला गेले आणि तिथेच रमले.

झालं. नावांचा पुकारा होई, क्विगली हे नाव येई, साहेब उभे राहत आणि म्हणत, "माझी सिनेटर डॅलरिंपल यांच्याशी जोडी आहे. ते हजर असते तर मी 'होय' म्हटलं असतं." किंवा "नाही" म्हटलं असतं. रेल्वे असो, टपाल असो, हेच. वर्तमानपत्रांनी त्यांना खुंटीवर टांगलेली टोपी म्हणून चितारलं. गावच्या जत्रेत कुणीतरी सर्वांत मोठ्या भोपळ्याला त्यांचं नाव दिलं, आणि भोपळ्याला बक्षीस मिळालं.

एनॉसचा ठराव खालच्या सभागृहात मंजूर झाला. सिनेटमध्ये काहींनी कुरकुर केली, की आज एक पळपुटा सोडला तर उद्या हजार रांगेत उभे राहतील. मतं पडली. अठ्ठावीस विरुद्ध अठ्ठावीस. बरोबरी फोडायची ती उपराष्ट्राध्यक्षांनी, आणि ते वारले होते, जागा रिकामी. बरोबरी म्हणजे ठराव पडला. आमचे साहेब उभे राहून म्हणाले, "ते हजर असते तर मी 'होय' म्हटलं असतं."

पुढच्या बैठकीत पुन्हा आणला. पुन्हा अठ्ठावीस-अठ्ठावीस. पुन्हा तेच रडगाणं.

आईला मी सांगितलं तेव्हा ती उठली. आतून खडू आणला आणि शुक्रवार असूनही चौकात गेली. त्या दिवशी मी ठरवलं, आता पुरे. तिसरी आणि शेवटची वेळ मार्चच्या सुरुवातीला होती, त्यानंतर साहेबांची मुदत संपत होती. मी पेटी भरली आणि आगगाडीने व्हर्जिनिया गाठलं.

डॅलरिंपल हॉटेलच्या व्हरांड्यात बसले होते, पाय लाकडी टबात, टबातल्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास.

"क्विगली?" ते म्हणाले. "कोण क्विगली?"

"तुमची जोडी."

त्यांनी पायाने टबातलं पाणी ढवळलं. "अहो बाई, ती दीपगृहाच्या ठरावापुरती होती! अर्ध्या तासाचं काम. पुढे माझ्या डोक्यातूनच गेलं."

"सहा वर्षं झाली. त्यांनी तुम्हाला दर महिन्याला पत्र घातलंय."

"ती पत्रं त्याची?" त्यांनी पाय टबाबाहेर काढले. "'आपल्या परतीकडे डोळे लावून बसलेला जीव, क्यू.' मला वाटलं कुणी विधवा मागे लागलीय! बायकोच्या धाकाने मी दोन वाचली आणि बाकीची न फोडता शेगडीत घातली."

मला हसू आलं नाही. घरी आल्यावर आलं, तिथे नाही. मी त्यांना एनॉसचं सगळं सांगितलं. माणूस मनाने बरा होता. म्हणाले, "मी आलो तर मला माझ्या बाजूने 'नाही' म्हणावं लागेल. पुन्हा बरोबरीच. त्यापेक्षा लिहून देतो." आणि त्यांनी लिहून दिलं की जोडी सुटली, क्विगली मोकळे.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी वॉशिंग्टनला पोचले आणि साहेबांच्या खोलीवर जाऊन ती चिठ्ठी टेबलावर आपटली. त्यांनी ती दोनदा वाचली. चष्मा पुसला.

"'मी परत येईपर्यंत' असं ठरलं होतं, ड्रुसिला. 'मी लिहीपर्यंत' असं नाही."

माझा तोल गेला. "वकीलसाहेब, तो माणूस परत येत नाहीये! त्याला तुमचं नावसुद्धा आठवत नव्हतं! त्याचे पाय टबात आहेत आणि ते टबातच राहणार!"

"म्हणून काय झालं? शब्द मी दिलाय, त्याने नाही."

"माझा भाऊ अशाच एकाची वाट बघत मेला. तो सार्जंटही परत येणार नव्हता."

ते खुर्चीत बसले. मी त्यांना कधी म्हातारं पाहिलं नव्हतं, त्या सकाळी पाहिलं. "त्याला हे मी शिकवलं," ते म्हणाले. "आज मीच शब्द मोडला, तर पोर कशासाठी मेलं ग?"

"आणि नाही मोडलात, तर पळून गेला म्हणून मेलं."

त्यांनी चष्मा चढवला. टोपी घेतली आणि निघाले. मी मागोमाग प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले.

पुकारा सुरू झाला. डॅलरिंपलांचं नाव आलं आणि रिकाम्या खुर्चीवरून पुढे गेलं. मी बोटांवर मोजत होते. अठ्ठावीस-अठ्ठावीस होणार हे दिसतच होतं.

"क्विगली."

साहेब उभे राहिले. "माझी सिनेटर डॅलरिंपल यांच्याशी..." खाली दोनचार सभासद सवयीने त्यांच्याबरोबर ओठ हलवत होते. साहेब थांबले. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. ओठ हलवणारेही थांबले.

"होय," ते म्हणाले.

कारकुनाने नेहमीप्रमाणे 'जोडी' लिहून पुढचं नाव पुकारलंसुद्धा होतं. मग त्याची लेखणी अडली. "काय म्हणालात?"

"होय. मी 'होय' म्हणालो. लिही."

एकोणतीस विरुद्ध अठ्ठावीस. मी सज्जातच रडले, मोठ्याने, आणि शेजारच्या अनोळखी बाईने मला रुमाल दिला. साहेब खाली बसले होते आणि कुणाकडेच बघत नव्हते.

सहा वर्षं मत देत नाही म्हणून टांगलेली टोपी म्हणणाऱ्या त्याच वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी छापलं: क्विगलींनी शब्द मोडला. आमदारांनी त्यांना पुन्हा निवडलं नाही. निवडणुकीच्या दिवशी ते दाराच्या आसपास फिरकू नयेत म्हणून दोन शिपाई बसवले होते.

दगडावर एनॉसचं नाव कोरलं गेलं. सोमवारी टर्ली सवयीने फडकं घेऊन आला. त्याने घासलं, पुन्हा घासलं. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने टोपी काढली. आई म्हणाली, "पूस की रे आता! बघू किती जोर आहे ते!" आणि बारा वर्षांनी ती हसली.

क्विगलीसाहेब मात्र हसत नव्हते. कचेरीत येत आणि खिडकीशी बसून राहत. एक दिवस आईच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हिरम, का तोंड पाडून बसलायस? माझ्या पोराचं नाव लागलं ना?"

"काकू, माझा शब्द मोडला, तो मोडला. पण एनॉसचा अजून मोडलेला नाही. त्याला कुणी मोकळं केलंय का? सार्जंट येईपर्यंत हलू नकोस, असा हुकूम होता."

आई माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. या माणसाला वेड लागलंय असं मला वाटलं, आणि एनॉसला साहेबांचं म्हणणं पटलं असतं हेही कळत होतं.

तर, चौसष्टाव्या वर्षी, माजी सिनेटर हिरम क्विगली जिल्ह्याच्या स्वयंसेवक पलटणीत भरती व्हायला गेले. पलटणीचा कॅप्टन म्हणजे आमचा न्हावी.

"सार्जंट व्हायचंय? साहेब, आधी शिपाई व्हावं लागतं."

"मग होतो."

सबंध उन्हाळा ते खाटीक, पेंटर आणि शाळामास्तर यांच्याबरोबर चौकात लाकडी बंदूक घेऊन कवायत करत होते. डावा म्हटलं की उजवा पाय पुढे. भोपळ्याला त्यांचं नाव देणारी माणसं कुंपणावर बसून बघत. कुणी हसलं की आई त्याला काठी दाखवायची. सप्टेंबरात न्हाव्याने त्यांच्या बाहीवर सार्जंटच्या तीन पट्ट्या शिवून दिल्या.

मग ते आणि मी टेनेसीला गेलो. चक्की बंद पडली होती, पण केगल बाई होत्या, केस पिकलेल्या, ओसरीवर बसलेल्या. त्यांच्यामागे ओळीने हंडे, तेल लावून काळेभोर ठेवलेले. सतरा. अठरावा चुलीवर होता, त्यात मक्याच्या कण्या शिजत होत्या. "एखादा तरी वापरात हवा, नाहीतर गंज कळतो कसा?" त्या म्हणाल्या. "दोनदा दोन्ही सैन्यांतले लोक न्यायला आले होते. मी हंड्यांवर चढून बसले. म्हटलं, आधी मला उचला."

एनॉसच्या कबरीवर ओढ्यातले गुळगुळीत दगड रचलेले होते. साहेबांनी गणवेश झटकला, ताठ उभे राहिले आणि सलाम ठोकला.

"शिपाई एनॉस होबार्ट! मी सार्जंट क्विगली. हंडे ताब्यात घेतले. अठरा, सगळे शाबूत. तुझा पहारा संपला, पोरा. तू आता जाऊ शकतोस."

ओढा वाहत होता. मला वाटलं होतं मी हसेन. मी गुडघ्यांवर बसले आणि त्या दगडांवरून हात फिरवत राहिले, त्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मागे केगल बाई उभ्या होत्या, एप्रनचं टोक मुठीत धरून. त्यांनी विचारलं, "साहेब, मग माझं काय?"

"तुमचं काय, बाई?"

"मी त्याला म्हटलं होतं, तू झोप, मी बघते. चौदा वर्षं झाली. पलीकडच्या खोऱ्यात माझी मुलगी दिलीय. तिच्या लग्नाला गेले नाही, बाळंतपणाला गेले नाही. हंडे टाकून कशी जाणार? मीही जाऊ का आता?"

क्विगलीसाहेबांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी पुन्हा टाचा जुळवल्या आणि या वेळी सलाम केगल बाईंना ठोकला. "जा, बाई. तुमचाही संपला."

बाईंनी एप्रन सोडून ओसरीच्या खुंटीला अडकवला, टोपी घातली आणि त्या खोऱ्याच्या रस्त्याला लागल्या. चुलीवरचा हंडा आम्हालाच उतरवावा लागला.